नाटक वाचतांना: कोण बोलतो, कोण ऐकतो?

नाटकाच्या अभ्यासास आरंभ झाला म्हणजे विद्यार्थ्यांपुढें परिभाषेची एक लांबलचक यादी येऊन उभी राहते: प्रकाश, स्वगत, जनांतिक, अपवारित, आकाशभाषित, नेपथ्य. पुष्कळ विद्यार्थी या शब्दांच्या व्याख्या मुखोद्गत करतात, उत्तरपत्रिकेंत उतरवितात आणि परीक्षा संपतांच विसरून जातात. यांत दोष स्मरणशक्तीचा नव्हे, असें आम्हांस वाटतें. ज्या प्रश्नाचें उत्तर म्हणून हे शब्द जन्मास आले, तो प्रश्नच त्यांच्यापुढें ठेवलेला नसतो. प्रश्न अगदीं साधा आहे: रंगभूमीवर उच्चारलेलें हें वाक्य कोणास ऐकूं जातें व कोणास जात नाहीं?

दहाव्या शतकांत धनंजयानें ‘दशरूपक’ हा ग्रंथ रचिला. त्यांत नाटकांतील भाषणाचे याच धोरणानें तीन भाग केलेले आहेत. जें सर्व पात्रांनीं ऐकावयाचें तें सर्वश्राव्य; यालाच ‘प्रकाश’ म्हणतात. जें दुसऱ्या कोणाहि पात्रानें ऐकावयाचें नाहीं तें अश्राव्य, म्हणजेच स्वगत. जें ठराविक पात्रांनींच ऐकावयाचें तें नियतश्राव्य. याचे पुन्हां दोन प्रकार आहेत. जनांतिकांत नट अनामिका वांकवून व बाकीचीं बोटें उभीं ठेवून हात आड धरतो आणि जवळच्या पात्राशीं बोलतो. अपवारितांत तो तोंड फिरवून गुपित सांगतो. आकाशभाषितांत रंगभूमीवर नसलेल्या पात्राचें बोलणें ऐकल्याचा अभिनय करून नट ‘काय म्हणतां?’ असें विचारतो व उत्तरहि स्वतःच देतो. या सर्व प्रकारांत एक गोष्ट समान आहे: कोणापासून कांहींहि लपविलें, तरी प्रेक्षकास सर्व ऐकूं येतें.

याचा उपयोग काय, हें कालिदासाच्या ‘शाकुंतला’वरून पाहूं. १८८० सालीं अण्णासाहेब किर्लोस्कर यांनीं हें नाटक मराठी संगीत रंगभूमीवर आणिलें, तेव्हां त्याची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. चौथ्या अंकाच्या आरंभीं दुर्वास ऋषि आश्रमाच्या दारीं येतात. शकुंतला दुष्यंताच्या चिंतनांत इतकी गढलेली असते कीं, तिला त्यांची हांक ऐकूं जात नाहीं. ऋषींचा शाप उच्चारला जातो तो नेपथ्यांतून. हल्लीं आपण रंगमंचाच्या सजावटीस नेपथ्य म्हणतों. संस्कृत नाटकांत मात्र पडद्यामागील, नटांच्या वेषभूषेची जागा तें नेपथ्य होय. तो शाप ऐकतात अनसूया व प्रियंवदा. प्रियंवदेनें विनवणी केल्यावर, ओळखीचा अलंकार दाखवितांच शाप सरेल, एवढी सवलत मिळते. परंतु कोमल स्वभावाच्या सखीस दुःख होऊं नये, म्हणून त्या ही गोष्ट आपणांतच ठेवितात.

आतां पहा. जिच्यावर शाप ओढवला तिला तो ठाऊक नाहीं. ज्याची स्मृति जावयाची त्या राजासहि नाहीं. ठाऊक आहे तो दोघी मैत्रिणींना आणि आपणांस. पांचव्या अंकांत राजा शकुंतलेस ओळखीत नाहीं. तिला तो कपटी वाटतो. त्याला ती कपटी वाटते. दोघांच्याहि मनांत कपट नाहीं, हें त्या भरलेल्या सभेंत कोणासहि माहीत नसतें. तें आपण मात्र जाणतों. आपला कंठ दाटून येतो तो या जाणण्यामुळेंच. सातव्या अंकांत मारीच ऋषि शापाची हकीकत सांगतात, तेव्हां कोठें आपलें ज्ञान त्या दोघांस प्राप्त होतें व मनांतील किल्मिष नाहींसें होतें. पात्रांहून प्रेक्षकास अधिक ठाऊक असण्याच्या या योजनेस नाट्यात्म उपरोध म्हणतात.

शेक्सपिअरचें ‘ऑथेल्लो’ घ्या. देवलांनीं तें ‘झुंझारराव’ या नांवानें मराठींत आणिलें. इयागो आपला दुष्ट बेत स्वगतांतून आपणांस सांगून टाकतो, आणि ऑथेल्लो त्यालाच प्रामाणिक म्हणत राहतो. आपण बाकावर बसून तळमळतों. पण आपला आवाज रंगभूमीवर पोंचत नाहीं.

कवितेसहि हीच कसोटी लावितां येते. नाट्यगीतांत कवि स्वतः बोलत नसून एखादें पात्र बोलत असतें. तें कोणास उद्देशून बोलतें, हें ओळखल्यावांचून अर्थ लागत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, पुढच्या वेळीं नाटक वाचतांना प्रत्येक भाषणाशेजारीं पेन्सिलीनें एवढेंच लिहा: हें कोणीं ऐकलें? आणि पालकांस आमची विनंति आहे कीं, सुटींतील एखाद्या संध्याकाळीं मुलांबरोबर एक प्रवेश मोठ्यानें वाचावा, भूमिका वांटून घ्याव्या. स्वगत कोणतें व प्रकाश कोणतें, हें मग पाठ करावें लागणार नाहीं. तें आवाजांतच उमटेल.