सर्व्हर ‘रनिंग’ दिसतो, मग काम का अडतं?

प्रश्न : आमच्याकडे ओरॅकलचा वेबलॉजिक सर्व्हर आहे. अ‍ॅडमिन कन्सोलवर सगळं ‘रनिंग’ आणि ‘ओके’ दिसतं, तरी भर दुपारी लोकांचे फोन सुरू होतात की स्क्रीन नुसती फिरतेय. आमचे वरिष्ठ म्हणतात, ‘डब्ल्यूएलएसटीची स्क्रिप्ट लाव, सगळं कळेल.’ कन्सोलला जे दिसत नाही ते स्क्रिप्टला कसं दिसतं?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : खरं तर दोघांनाही तेच दिसतं. वेबलॉजिक आपली आतली सगळी हालचाल एमबीन नावाच्या छोट्या जावा ऑब्जेक्टमधून बाहेर मांडतो. ही जेएमएक्स पद्धत 2004 साली, पाचव्या आवृत्तीपासून, खुद्द जावाचाच भाग झाली. कन्सोल याच एमबीनना विचारतो आणि डब्ल्यूएलएसटीही यांनाच विचारते. पण कन्सोल तुम्ही उघडाल तेव्हाच विचारतो, आणि पहिल्या पानावर जे दाखवतो त्यातून तुमच्या ग्राहकाचे हाल कळत नाहीत. ‘रनिंग’चा अर्थ एवढाच, की सर्व्हर नीट सुरू झाला आणि अजून बंद पडलेला नाही.

‘ओके’चीही तीच गत. एखादा थ्रेड ‘स्टक’ ठरवायला वेबलॉजिक मूळ सेटिंगप्रमाणे 600 सेकंद थांबतो. म्हणजे एकाच विनंतीवर थ्रेड पूर्ण 10 मिनिटं खोळंबला, तरच सर्व्हरच्या लेखी तो अडकला. तुमचा ग्राहक तोवर तीनदा बटण दाबून, आणखी तीन थ्रेड गुंतवून, फोन लावून मोकळा झालेला असतो. ही 10 मिनिटं कन्सोलवर हिरवीगार दिसतात. स्क्रिप्ट हवी ती या 10 मिनिटांसाठी.

डब्ल्यूएलएसटी, म्हणजे वेबलॉजिक स्क्रिप्टिंग टूल, जायथनवर चालते. जायथन म्हणजे जावात लिहिलेलं पायथन. जिम ह्युगुनिन यांनी 1997 साली ते जेपायथन या नावानं सुरू केलं. ओरॅकलनं 2008 मध्ये बीईए ही कंपनी घेतली, त्याआधीच बीईएनं ही सोय वेबलॉजिकमध्ये आणली होती. वापरायला ती सोपी आहे. ‘कनेक्ट’ करा, ‘डोमेनरनटाइम’ म्हणा, मग ‘सीडी’ करत सर्व्हररनटाइम्स, त्यात तुमचा सर्व्हर, त्यात थ्रेडपूलरनटाइम असं खाली उतरा आणि ‘एलएस’ द्या. युनिक्सच्या फाइलींसारखी यादी येते, नावापुढे त्या क्षणीचा आकडा. तिथे दोन ओळी बघा : ‘हॉगिंगथ्रेडकाउंट’ आणि ‘क्यूलेंग्थ’. पहिली ओळ विनंतीनं नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवलेले थ्रेड मोजते, दुसरी रांगेत ताटकळणाऱ्या विनंत्या. दोन्ही एकदम चढायला लागले की समजा, फोन येणार.

त्यानंतर डेटासोर्स, म्हणजे डेटाबेसची कनेक्शनं पुरवणारा भाग. बहुतेक वेळा दुखणं इथेच सापडतं, म्हणून इकडे आधी बघावं असं माझं मत आहे. कनेक्शन पूलची कमाल मर्यादा मुळात 15 असते आणि कनेक्शनसाठी थांबायची मुदत 10 सेकंद. कुणीतरी भर दुपारी जडशीळ रिपोर्ट काढला, 15 च्या 15 कनेक्शनं गुंतली, की सोळावा थ्रेड उभा राहतो आणि 10 सेकंदांनी एरर घेऊन परततो. सर्व्हरचा सीपीयू त्या वेळी निवांत असतो, मेमरीही भरपूर असते. ‘वेटिंगफॉरकनेक्शनकरंटकाउंट’ हा आकडा शून्याच्या वर टिकून राहिला, तर सर्व्हरची रॅम वाढवायचा प्रस्ताव तूर्त बाजूला ठेवा. आणि हीपचं म्हणाल, तर तिची मोकळी जागा खाली-वर होतच राहते. गार्बेज कलेक्शन झाल्यावरही ती परत मोकळी होत नसेल, तेव्हा काळजी करायची.

पण आकडे नोंदवणं ही निम्मीच कामगिरी झाली. स्क्रिप्टची खरी ताकद अशी, की रांग ठरावीक मर्यादेबाहेर गेली त्याच क्षणी ती ‘थ्रेडडम्प’, म्हणजे प्रत्येक थ्रेड कुठे उभा आहे त्याची नोंद, घेऊ शकते. 10-10 सेकंदांच्या अंतरानं तीन डम्प घ्यायला सांगा. तिन्हींमध्ये तोच थ्रेड त्याच मेथडवर उभा असेल आणि वरची ओळ सॉकेट वाचण्याची, खालची ओरॅकल ड्रायव्हरची असेल, तर तो डेटाबेसच्या उत्तराची वाट बघतोय. त्याच्याही खाली तुमच्या प्रोग्रामरनं लिहिलेल्या क्लासचं नाव आणि ओळ क्रमांक सापडतो. फोन आल्यावर धावत जाऊन घेतलेल्या डम्पमध्ये हे क्वचितच हाती लागतं, कारण तोवर गर्दी ओसरलेली असते.

लावताना मात्र थोडं सांभाळा. क्रॉनमधून दर मिनिटाला डब्ल्यूएलएसटी सुरू करू नका. प्रत्येक वेळी नवा जेव्हीएम उभा राहतो, आणि ज्या मशीनला आधीच दम लागलाय तिच्यावरच तुम्ही भार टाकता. एकच स्क्रिप्ट लूपमध्ये चालू ठेवा. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये उघडा लिहू नका. ‘स्टोअरयूजरकॉन्फिग’ दिलं की तो एन्क्रिप्ट होऊन फाइलीत जातो, किल्लीची फाइल वेगळी बनते. दोन्हींची परवानगी फक्त तुमच्या युजरपुरती ठेवा. वेबलॉजिकमध्ये नुसतं बघण्यापुरता ‘मॉनिटर’ रोल आहे, तोच पुरे. अ‍ॅडमिनचा कशाला द्यायचा?

आणखी एक. ‘डोमेनरनटाइम’ फक्त अ‍ॅडमिन सर्व्हरवर मिळतो. अ‍ॅडमिन सर्व्हर बंद पडला तरी मॅनेज्ड सर्व्हर काम करत राहतात, पण तुमची स्क्रिप्ट आंधळी होते. म्हणून मॅनेज्ड सर्व्हरला थेट जोडून ‘सर्व्हररनटाइम’ वाचणारी एक वाट तयार ठेवा.

पुढेमागे तुम्ही प्रोमिथियस या मॉनिटरिंग साधनाकडे वळाल, त्यासाठी ओरॅकलचा स्वतःचा मॉनिटरिंग एक्सपोर्टर आहे. महिन्याभराचा आलेख बघायला तो छानच. तोवर क्यूलेंग्थची मर्यादा आधी कमी ठेवून आठवडाभर नोंदी साठवा, तुमच्या सर्व्हरची नेहमीची दुपार कशी असते ते बघा आणि मग ती वाढवा.