मित्राची सबब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली अमेरिकेस शिकावयास गेले. १९१७ मध्ये ते बडोद्यास अकौंटंट जनरलच्या कचेरीत नोकरीस आले. अस्पृश्य म्हणून जागा मिळेना, तेव्हा पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या पारशांनी त्यांना जागा सोडावयास लावली.

मग ते दोन मित्रांकडे गेले. हिंदू मित्राने नोकर निघून जाण्याची अडचण सांगितली. ख्रिस्ती मित्र म्हणाला, पत्नीला विचारावे लागेल. ‘नाही’ असे कोणीच म्हटले नाही. मुंबईच्या गाडीपर्यंतचे पाच तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत काढले.

आठवीत मी मराठी शाळा सोडून इंग्रजी शाळेत गेलो. माझ्या उच्चारांची रोज टिंगल होई, दप्तर लपवले जाई. माझ्याबरोबर आलेला बालमित्र त्यात कधी सामील झाला नाही. फक्त माझ्या बाकावर बसेनासा झाला. फळा नीट दिसत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. अस्पृश्यतेच्या यातनांशी माझ्या दुःखाची तुलना होऊच शकत नाही. मात्र सबब म्हणजे काय, हे मला त्या बाकावर समजले.

छळ करणारे थोडेच असतात. त्यांचे बळ वाढते ते भल्या माणसांच्या भित्रेपणामुळे. मित्रहो, जूनमध्ये आपल्या वर्गात नवे विद्यार्थी येतील. त्यांच्यासाठी भाषण करण्याची गरज नाही; बाकावर थोडे सरकून जागा दिली तरी पुष्कळ झाले.