इंजिन खोलावे की नाही?



हंगाम संपत आला की जुन्या ट्रकचे मालक आमच्याकडे एकच गोष्ट विचारतात. "मीटर सहा लाखांवर गेलाय, धूर मारतोय, मिस्त्री म्हणतो इंजिन उतरवा. काय करावं?" इंजिन बांधायचे म्हणजे उसाच्या बिलातला मोठा घास जातो. म्हणून पाना लावण्याआधी काय पाहावे ते येथे क्रमाने देत आहोत.

नुसत्या किलोमीटरवर निर्णय घेऊ नये. उसाची गाडी फडातून खालच्या गिअरमध्ये निघते आणि यार्डात नंबर लागेपर्यंत पुष्कळदा चालूच राहते. मीटर थांबतो, इंजिन झिजतच असते. उलट लांब पल्ल्यावर चाललेले, वेळेवर ऑइल बदललेले इंजिन तेवढ्याच किलोमीटरला ठणठणीत असू शकते.

आता धूर. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. एअर फिल्टर, नोझल, पंपाचे टायमिंग आणि टर्बोचे पाइप आधी तपासावेत. यासाठी इंजिन उतरवावे लागत नाही. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते. दोष रिंगांचा असेल, वॉल्व्ह गाइडचा असेल किंवा टर्बोच्या सीलचा. पांढरा धूर थंडीत सकाळी थोडा येतोच. इंजिन तापल्यावरही राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-६ ट्रकमध्ये सायलेन्सरमधला फिल्टर काजळी अडवतो, म्हणून धूर दिसत नाही एवढ्यावर निर्धास्त राहू नये.

"ऑइल खातंय" हे अंदाजाने बोलू नये, वहीत लिहावे. दोन ऑइल बदलांच्या मधे डिझेल किती भरले आणि ऑइल वरून किती घातले, याची नोंद ठेवावी. 600 लिटर डिझेलला 6 लिटर ऑइल लागले तर शेकडा एक झाले. हा आकडा कंपनीच्या पुस्तकातल्या मर्यादेशी ताडावा, आणि दर महिन्याला वाढतो आहे का तेही पाहावे.

एका सभासदाच्या गाडीचे उदाहरण सांगतो. ऑइल दोन दिवसाला लिटरभर कमी व्हायचे, ब्रीदरमधून वाफ यायची. "बॅक कॉम्प्रेशन मारतंय, फुल इंजिन काम" असा निकाल लागला आणि कर्जाची तयारी झाली. कुणीतरी सहज ब्रेकच्या हवेच्या टाकीचा कॉक उघडला तर पाण्यासोबत काळे ऑइल बाहेर आले. झिजला होता तो ब्रेकचा कॉम्प्रेसर. तोच टाकीत ऑइल ढकलत होता आणि इंजिनच्या चेंबरमध्ये हवा सोडत होता. कॉम्प्रेसर दुरुस्त झाला आणि इंजिन न खोलता गाडी पुन्हा उसाला लागली.

बाहेरचे सारे तपासूनही शंका राहिली तर तीन चाचण्या कराव्यात.

एक, ऑइल प्रेशर. इंजिन पूर्ण तापवून, काट्याचे वेगळे गेज लावून पाहावे. डॅशबोर्डवर विसंबू नये. डिपस्टिकवर ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल, वास डिझेलचा येत असेल, तर ऑइलमध्ये डिझेल मिसळते आहे. ते आधी थांबवावे. ऑइल पातळ झाले की प्रेशर पडतेच, दोष बेअरिंगचाच असेल असे नाही.

दोन, कॉम्प्रेशन. डिझेलचे गेज लावून सगळे सिलिंडर मोजावेत. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर दोष तेवढ्यापुरता असू शकतो. सगळेच पुस्तकातल्या आकड्याच्या खाली असतील तर झीज सर्वत्र आहे.

तीन, कमी दाखवणाऱ्या सिलिंडरचे दोन्ही वॉल्व्ह बंद ठेवून त्यात हवा भरावी आणि कान लावावा. हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनलेट वॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. या तिन्हींत फक्त हेड उतरवून भागते. ऑइल भरण्याच्या तोंडातून जोरात आली तर मात्र रिंगा-लायनर गेले.

एक सावधगिरी. जुन्या पंपाच्या इंजिनात नोझलचा पाइप सैल करून कोणता सिलिंडर काम करत नाही ते पाहतात. कॉमन रेल इंजिनात हे कदापि करू नये. तिथला दाब हजार बारच्याही पुढे असतो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

खोलायचेच ठरले तर सामान आणण्याआधी लायनर आणि क्रँकची मापे कागदावर घ्यावीत. लायनर लंबगोल झाला असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकून पैसा वाया जातो. सगळ्याच इंजिनांत लायनर नसतात. कमिन्सच्या बी मालिकेत पिस्टन थेट ब्लॉकमध्येच चालतो, तिथे बोअरिंगचा खर्च धरावा. आणि झीज कशाने झाली ते शोधावेच. एअर फिल्टरच्या फाटक्या होजमधून फडातली धूळ जात असेल, तर नवे इंजिनही तसेच जाईल.

चाचण्या हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात, गाडी चालू असतानाच कराव्यात. काम पावसाळ्यात निवांत होते. ऐन गळितात घाईने उतरवलेले इंजिन फेऱ्याही बुडवते आणि पैसाही. माती तपासल्याशिवाय आपण खताचा डोस ठरवत नाही, इंजिनाचेही तसेच धरावे.