घराला नोटीस आल्यास सल्ला कोणाचा घ्यावा?

सुरतेत घरावर मजला चढविणे ही संसाराची बढती समजली जाते. मुलाचे लग्न ठरले की दारात विटांची गाडी उभी राहते; परवानगीचा विचार मागाहून होतो. मग एके दिवशी महानगरपालिकेच्या झोन कचेरीतून नोटीस येते. कोणी ती गादीखाली दडवितो, कोणी एखाद्या मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवतो. दोन्ही मार्गांनी उत्तराची मुदत मात्र निघून जाते. म्हणून या विषयाचा थोडा अभ्यास आपण सर्वांनी करावा, असे आम्हांस वाटते.

पहिला धडा हा की, नोटिशीतील कलम वाचावे. गुजरात प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९ याचे कलम २६० हे नियमाविरुद्ध केलेल्या बांधकामाविषयी आहे. बांधकाम का पाडू नये, याचे कारण त्यात विचारलेले असते. उत्तर मालकाने स्वतः किंवा रीतसर नेमलेल्या प्रतिनिधीमार्फत द्यावयाचे असते. कलम २६४ मात्र मोडकळीस आलेल्या, धोकादायक इमारतीसंबंधी आहे. तेथे वाद नंतर, माणसे बाहेर काढणे आधी.

दुसरा धडा मुदतीचा. सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी ठरवून दिले आहे की, उत्तरासाठी किमान १५ दिवस द्यावेत, मालकाचे म्हणणे समक्ष ऐकावे आणि अंतिम आदेशानंतरही १५ दिवस थांबावे. रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी वा तलाव यांवरील बांधकामांस मात्र हे संरक्षण नाही.

तिसरा धडा सल्लागाराचा. प्रथम नोंदणीकृत वास्तुशास्त्रज्ञ किंवा अभियंता यांजकडून प्रत्यक्ष मोजणी करवावी. मंजूर नकाशाहून किती बांधकाम अधिक आहे, त्यातील किती नियमित होऊ शकेल, किती स्वतः काढावे लागेल आणि इमारतीला तो भार पेलतो काय, हे चार प्रश्न त्यांस विचारावेत. त्यांचा लेखी अहवाल घेऊन मग वकिलाकडे जावे. खरेदीखत, मालमत्तापत्रक, रजाचिठ्ठी, नकाशा व वेराबिल सोबत न्यावे. वेरा भरला म्हणजे बांधकाम कायदेशीर झाले, हा समज चुकीचा आहे. उत्तर दाखल करून आपल्या प्रतीवर पोच घ्यावी.

वकिलाची फी परवडत नसेल तरी गप्प बसू नये. १९८७ च्या विधिसेवा कायद्याप्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती व औद्योगिक कामगार यांस मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधिसेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १५१०० या क्रमांकावरही चौकशी करता येते.

शेवटचा धडा सर्वांत कठीण आहे. सल्लागारापासून काही लपवू नये. २४ मे २०१९ रोजी सरथाणा येथील तक्षशिला इमारतीस आग लागली आणि शिकवणीस आलेली २२ मुले दगावली. तेथील वरचा मजला परवानगीविना चढविलेला होता. रोज वर्गात हजेरी घेणाऱ्या आम्हां शिक्षकांस तो दिवस विसरता येत नाही. घर वाचविण्यास आपण सल्ला घेतो हे खरे; परंतु घर ज्यांच्यासाठी बांधले, ती मुले त्यात सुरक्षित आहेत काय, हा प्रश्न नोटीस येण्यापूर्वीच आपण स्वतःस विचारावयास हवा.