नारिंगी बटण

रिसोड हे वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. येथे आगगाडी येत नाही. म्हणून वाशीमला जावयाचे तर बहुतेकांना एस. टी.चाच आधार. वाटेत इंजिनाची घरघर, खिडक्यांचा खडखडाट व प्रवाशांच्या गप्पा अखंड चालू असतात. तरीही एखादा प्रवासी कानांत इअरफोन घालून आपल्या आवडीचे गाणे ऐकण्यात रमलेला दिसतो.

ही सोय फार जुनी नाही. १ जुलै १९७९ रोजी जपानमधील सोनी कंपनीने 'वॉकमन' हे यंत्र विक्रीस आणले. चालता-फिरता कॅसेट ऐकावी, एवढेच त्याचे काम. मात्र कंपनीचे एक संस्थापक अकिओ मोरिता यांना शंका आली, की एकट्यानेच ऐकत बसणे शेजाऱ्यास असभ्यपणाचे तर वाटणार नाही? म्हणून त्या पहिल्या यंत्रास दोन हेडफोन जोडता येत. शिवाय त्यावर एक नारिंगी बटण होते. ते दाबले, की गाणे मंद होई आणि शेजाऱ्याचे बोलणे ऐकू येई.

आता गाणी मोबाइलवर ऐकतात. ते बटण राहिले नाही. त्याचे काम ऐकणाऱ्यानेच करावयाचे आहे. गाडीच्या आवाजावर मात करण्यासाठी दररोज फार मोठ्याने गाणी ऐकली, तर कानाच्या आतील नाजूक पेशी नष्ट होतात व त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून आवाज बेताचा ठेवावा. जवळ उभ्या असलेल्या आजीबाईंनी बसावयास जागा मागितली, तर ती हाक ऐकू यावी. आणि गाडीतून उतरून रस्ता ओलांडताना तर दोन्ही कान मोकळेच असावेत.