बियाण्याबरोबर नोंद : परिसर अभ्यासाचा एक पाठ

पाठाचा हेतू

शेतीचे ज्ञान पुस्तकातून शेताकडे जाते, तसेच ते शेतातून पुस्तकाकडेही येते, ही गोष्ट ग्रामीण विद्यार्थ्यांस क्वचितच सांगितली जाते. परिणामी पिढीजात शेतकऱ्याचा मुलगाही आपल्या घरच्या माणसांना काही कळत नाही, असे मानू लागतो. हा समज दूर करणे आणि गावातील शेतीज्ञान पारखून, लिहून सर्वांच्या उपयोगी आणणे, हा या पाठाचा हेतू होय. पाठ इयत्ता चौथी व पाचवीसाठी योजिला आहे.

सांगावयाची हकीगत

चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. तेथील अल्पभूधारक शेतकरी दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली आपल्या ‘पटेल ३’ या भाताच्या शेतात काही लोंब्या इतरांहून निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, त्यांचे बी स्वतंत्र पेरले आणि पुढील हंगामांत पुन्हा पुन्हा पारखले. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार तांदूळ हाती आला. एका प्रसिद्ध घड्याळाच्या नावावरून लोक त्यास ‘एचएमटी’ म्हणू लागले. हे बी हातोहाती गावोगाव गेले. पुढे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानेही या भातावर निवडीचे काम करून ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला.

बी दूरवर पोहोचले; निवडणाऱ्याचे नाव मात्र पुष्कळ काळ मागेच राहिले. २००५ साली राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने त्यांचा गौरव केला. २०१८ साली ते निवर्तले. बियाण्याबरोबर नोंद गेली नाही, तर काय घडते, हे विद्यार्थ्यांनी या हकीगतीवरून स्वतःच सांगावे.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांचेही उदाहरण द्यावे. त्यांना शाळेचे शिक्षण लाभले नाही. तरीही त्यांनी गावठी वाणांचे बी जमविले, जपले व इतरांस दिले. त्यांना २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. अशा जाणत्यांच्या स्मरणात जे आहे, ते लेखणीने उतरविणे हे शाळेला सहज करता येण्याजोगे काम आहे.

समजावून द्यावयाचे मुद्दे

भाताच्या फुलाचे परागीभवन बहुधा त्याच फुलात होते. म्हणून निवडलेल्या रोपाचे गुण पुढील पिढीत बव्हंशी टिकतात. मक्याचे व बाजरीचे तसे नाही. तेथे शेजारच्या शेतातील पराग मिसळतो. संकरित बियाण्याच्या पिकातून राखलेले बी पेरल्यास पीक एकसारखे येत नाही. आपले बी राखणाऱ्याचा दरसालचा खर्च वाचतो आणि स्थानिक जमिनीस व पावसास मानवलेले वाण टिकून राहतात. २००१ सालच्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचा अधिकार दिला आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी व्यापारी नाममुद्रेखाली विकता येत नाही. स्वतः सिद्ध केलेल्या वाणाची नोंदणीही शेतकऱ्यास करता येते.

कृती

१. प्रत्येक विद्यार्थ्याने घरून अथवा शेजारून मूठभर बी आणावे. वाणाचे गावातील नाव, बी कोणाकडून मिळाले, त्यांना ते कोठून मिळाले, जमीन कोणती, पेरणी व कापणी केव्हा, पावसाच्या ताणात पीक कसे राहिले, हे सर्व विचारून वहीत लिहावे. सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने अवश्य लिहावे.

२. भाताचे १०० दाणे न निवडता घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळी मांडून गुंडाळी करावी व ती ओलसर ठेवावी. पाचव्या दिवशी पहिली आणि चौदाव्या दिवशी अखेरची मोजणी करावी. प्रमाणित भात बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी लागते. येथे शेकडेवारीचे गणित आपोआपच शिकविले जाईल.

३. दोन घरांची मते भिन्न आढळल्यास दोन्ही लिहावीत. शाळेच्या बागेत दोन सारखे वाफे करून, पाणी व खत सारखेच देऊन त्यांची पारख करावी. जुने तेवढे खरे, अथवा नवे तेवढेच खरे, असे शिक्षकांनी आधी सांगू नये.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

ज्याच्या घरी जमीन नाही, त्या विद्यार्थ्यास या पाठातून वगळले जाऊ नये. भातलावणी करणाऱ्या त्याच्या आईने अनेकांची शेते पाहिलेली असतात. रोप किती दिवसांचे असावे, कोणत्या खाचरात पाणी टिकते, हे ती सांगू शकते. तिचे सांगणेही तिच्या नावाने त्याच वहीत उतरले पाहिजे.

वही दरवर्षी पुढील वर्गाकडे सोपवावी व वर्षातून एकदा गावकऱ्यांसमोर वाचून दाखवावी. ऐकणारा एखादी चूक दुरुस्त करील, दुसरा आपला अनुभव जोडील. त्या दुरुस्त्याही दिनांकासह वहीत लिहाव्यात. पुढील वर्षीचा पाठ तेथूनच सुरू होईल.