🌼 एका मुलाचा भार 🌼



आजचा अभ्यास : शैक्षणिक पालकत्व

आपल्या पणजोबांच्या काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवायचे. सात घरं, सात वार. कुणा एका घरावर भार नाही, आणि मुलाचं शिक्षणही थांबत नाही. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. साताऱ्याच्या वसतिगृहात खेड्यातली, सगळ्या जातींची मुलं एकत्र जेवली. त्यांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने तर दिलेच, शेवटी मंगळसूत्रही दिलं.

आज आपण दरमहा पैसे पाठवतो. त्याचा उपयोग होतो का? होतो. भारतासह सहा देशांत झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असा आधार मिळालेली मुलं साधारण एक ते दीड वर्ष जास्त शिकलेली दिसली.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवूया :

१) नुसती फी पुरत नाही. पाणी लांब असेल तर मुलगी हंडा घेऊन जाते आणि शाळा बुडते. म्हणून पाणी, दवाखाना, शाळा अशी गावाचीही कामं करणारी संस्था बघावी.

२) मध्येच सोडू नये. गावची शाळा सातवीला संपते, हायस्कूल लांब असतं. तिथेच मुली घरी बसतात. निदान दहावीपर्यंत साथ द्यावी.

३) उपकार सांगू नये. मुलाचा फोटो ग्रुपवर टाकू नये. त्यालाही मान आहे.

या रविवारी घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवूया : दरमहा किती, आणि किती वर्षं. रक्कम थोडी चालेल, खंड नको. 🙏